अद्रेचा ‘तात्पुरता’ तळ: पाणी, संडास आणि काविळीची साथ

पूर्व चाडच्या वदाई प्रांतात, सुदानच्या सीमेला खेटून अद्रे हे छोटे गाव आहे. सीमेपलीकडे जेमतेम तीस किलोमीटरवर पश्चिम दारफुरची राजधानी अल-जिनेना. २०२३ च्या सुरुवातीला अद्रेची वस्ती सुमारे ४० हजार होती. त्यानंतर गावालगतच्या माळावर दोन लाखांहून अधिक निर्वासित राहू लागले, पण कागदोपत्री ती जागा ‘तात्पुरता तळ’च राहिली. जानेवारी ते एप्रिल २०२४ या चार महिन्यांत अद्रे आणि हाजेर-हदीद या दोन आरोग्य जिल्ह्यांत हेपॅटायटिस ईचे, म्हणजे दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचे, २ हजारांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. सात जण दगावले.

मृतांचा आकडा लहान वाटतो. जगाच्या बातम्यांत तो आलाच नाही म्हटले तरी चालेल. पण ज्या तळावर जीव वाचवायला आलेल्या माणसांना पाण्यातून कावीळ होते, तिथे मदतीच्या साखळीत नेमके कुठे काय तुटले ते ही साथ दाखवते. मदत निम्मी पोचली म्हणजे निम्मे काम झाले, हा हिशेब निर्वासितांच्या तळावर चालत नाही. पाणी आणि संडास यांच्या बाबतीत एका पातळीखाली दिलेली मदत रोग अडवत नाही. ही पातळी कुठे असते आणि पूर्व चाडमध्ये ती का गाठता आली नाही, हे पुढे आकड्यांनिशी मांडले आहे.

माणसे आली कशी

१५ एप्रिल २०२३ रोजी सुदानचे लष्कर आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले. अल-जिनेनात ते २४ एप्रिलपासून भडकले आणि लवकरच मसालित या तिथल्या बिगर-अरब समाजाच्या शिरकाणाचे रूप त्याने घेतले. १४ जूनला पश्चिम दारफुरचे गव्हर्नर खमिस अबकर यांची हत्या झाली. दुसऱ्या दिवसापासून शहर रिकामे होऊ लागले. अद्रेच्या रुग्णालयात अवघ्या तीन दिवसांत साडेआठशेहून अधिक जखमी आले, बहुतेक गोळ्या लागलेले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ पथकाच्या अंदाजानुसार एकट्या अल-जिनेनात त्या वर्षी १० ते १५ हजार माणसे मारली गेली. नोव्हेंबरमध्ये शहराच्या अर्दमाता भागात पुन्हा कत्तल झाली आणि माणसांचा दुसरा लोंढा आला. आलेल्या दर दहा जणांत जवळजवळ नऊ बायका आणि मुले होती.

चाडला निर्वासित नवे नव्हते. दारफुरच्या २००३ च्या युद्धानंतर पूर्व चाडमध्ये फर्शाना, ब्रेदजिंग, ट्रेगीन, गागा, गोझ आमिर असे बारा तळ उभे राहिले होते आणि २०२३ चे युद्ध सुरू झाले तेव्हा तिथे सुमारे चार लाख सुदानी निर्वासित राहतच होते. जुन्या तळांवर वीस वर्षांत जी व्यवस्था बसली होती, तिच्यावर आता आठ लाखांहून अधिक नव्या माणसांचा भार आला. जगातल्या अत्यंत गरीब देशांत मोजल्या जाणाऱ्या चाडने या काळात सीमा उघडी ठेवली, आणि डिसेंबर २०२० मध्ये त्याने निर्वासितांना हक्क देणारा स्वतंत्र कायदाही केला, याची नोंद इथे ठळकपणे केलीच पाहिजे. श्रीमंत देशांच्या सीमांवर काय चालते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या गोष्टीचे मोल कळेल.

‘तात्पुरता’ या शब्दाचा परिणाम

सीमेपासून दोन-तीन किलोमीटरवर मोठा तळ वसवायचा नाही, हा नियम योग्यच आहे. सीमेवर गोळीबार होऊ शकतो, सशस्त्र माणसे तळात मिसळू शकतात. म्हणून योजना अशी होती की अद्रेला नोंदणी करायची, जखमा बांधायच्या आणि कुटुंबांना आतल्या भागातल्या तळांवर हलवायचे. त्यासाठी अरकूम, उरांग, मेचे, अबूतेंगे, अल्लाशा, झबूत असे नवे तळ उघडले. लाखो माणसे हलवलीही गेली. पण नवा तळ उभारायला जमीन, रस्ता, पाणी आणि पैसा लागतो, आणि या चारही गोष्टी एकाच वेळी हाताशी क्वचितच असतात. जेवढी माणसे हलवली जात, जवळपास तेवढीच नवी येत राहिली.

शिवाय सगळ्यांना हलायचे नव्हते. नवरा किंवा मुलगा अजून पलीकडे आहे, तो येईल तर अद्रेलाच येईल, म्हणून बायका तिथेच थांबल्या. अद्रेचा बाजार मोठा आहे, मजुरी मिळते, सीमापारच्या खबरा कळतात. आतला तळ म्हणजे ओसाड माळ. त्यांचा हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही.

इथे शब्दाने घात केला. जागा तात्पुरती म्हटली की पक्के काम होत नाही. बोअर घ्यायची तर परवानगी अडते, कारण तळ हलणार आहे. पक्का शोषखड्डा बांधायचा तर देणगीदार विचारतो, सहा महिन्यांत उठणाऱ्या तळावर खर्च कशाला? म्हणून टँकरने पाणी आणि प्लास्टिकच्या ताडपत्रीचे आडोसे लावलेले उथळ संडास, एवढ्यावर भागवले जाते. तीन महिन्यांसाठी ते ठीकच. पण टँकरचा खर्च दर महिन्याला नव्याने करावा लागतो आणि वर्षअखेर हाती काही उरत नाही. मराठवाड्यातल्या टँकरग्रस्त गावाला हे समजावून सांगायची गरज नाही.

आमच्या मते निर्णयाचा नियम साधा हवा: ९० दिवसांनंतरही तळावर निम्म्याहून अधिक माणसे असतील, तर नाव काहीही असो, पाणी आणि संडास यांचे नियोजन दोन वर्षांच्या हिशेबाने करायचे. बोअर आणि टाकी वाया जात नाहीत. निर्वासित गेले तरी गावाला त्या लागतातच.

पाणी: लिटरचा हिशेब

मानवतावादी कामात सर्वमान्य झालेल्या स्फिअर मानकांनुसार माणशी रोज १५ लिटर पाणी हवे. पिण्याला अडीच ते तीन लिटर, स्वयंपाकाला तीन ते सहा, अंगधुणे आणि हात धुणे यांना दोन ते सहा. उष्ण आणि कोरड्या प्रदेशात या आकड्यांची वरची बाजू धरायची.

आता समजा पाणी निम्मेच, म्हणजे साडेसात-आठ लिटर आले. कुटुंब प्रत्येक कामाचे पाणी निम्मे करत नाही. तीन लिटर प्यायला लागतातच. ज्वारीच्या पिठाची घट्ट उकड, तिकडे तिला असीदा म्हणतात, तिला आणि भांड्यांना चार-पाच लिटर जातात. संपले. संडासाहून आल्यावर हात धुवायला, मुलाचे ढुंगण धुवायला, तान्ह्याची दुपटी धुवायला पाणी उरतच नाही. निम्म्या पाण्यात स्वच्छता निम्मी होत नाही, ती शून्यावर येते. काविळीचा विषाणू विष्ठेतून हातावर आणि हातावरून पाण्याच्या डब्यात जातो, त्यामुळे नेमके याच ठिकाणी त्याला मोकळे रान मिळते.

४० हजार माणसांच्या तळाचे गणित असे. १५ लिटरप्रमाणे रोज ६ लाख लिटर. १५ हजार लिटरच्या टँकरच्या ४० खेपा. भरणे, जाणे, रिकामा करणे, परतणे मिळून एका खेपेला अडीच तास धरले आणि दिवसाउजेडी दहा तास गाडी चालली, तर एक टँकर चार खेपा करतो. म्हणजे दहा टँकर, आणि दुरुस्तीतले धरून बारा. एक टँकर बंद पडला की त्या दिवशी ४ हजार माणसांचे पाणी बुडाले. अद्रेच्या दोन लाख माणसांसाठी हाच हिशेब रोज २०० खेपांवर जातो. सुटे भाग हजारो किलोमीटरवरून येतात, डिझेलची टंचाई नेहमीची, आणि वाळूत रुतलेला टँकर काढायला दुसरा टँकर थांबवावा लागतो.

नळांचाही असाच हिशेब आहे. एका नळामागे २५० माणसे धरतात. नळातून मिनिटाला साडेसात लिटर पाणी आले आणि तो आठ तास चालू राहिला, तर ३,६०० लिटर मिळतात, म्हणजे माणशी १४ लिटरच्या आसपास. ४० हजारांना असे १६० नळ लागतात. टाकीतली पातळी उतरली की शेवटच्या नळकोंडाळ्याची धार करंगळीएवढी होते, आणि मग कागदावर १६० नळ असले तरी कामाचे शंभरच. म्हणून तळावर नळ मोजू नयेत, धार मोजावी. दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते घड्याळ लावून बघावे. ८० सेकंदांच्या आत भरली पाहिजे.

खडकाळ जमीन आणि वादीतला झिरा

वदाई हा ग्रॅनाइटसारख्या जुन्या कठीण खडकाचा प्रदेश आहे. खडकाला भेग सापडली तर बोअरला पाणी, नाहीतर धूळ. जिथे माणसे बसवायला मोकळी जागा मिळते ती बहुधा माळावर, आणि पाणी असते वादीच्या वाळूत. वादी म्हणजे फक्त पावसाळ्यात वाहणारी नदी. वर्षातले आठ-नऊ महिने तिचे पात्र कोरडे दिसते, पण वाळूखाली ओल टिकून असते.

टँकर कमी पडला की बायका वादीत जातात. वाळूत हाताने किंवा वाडग्याने खड्डा उकरायचा, आपल्याकडे त्याला झिरा म्हणतात तसाच. कमरेएवढा खोल गेला की तळाशी पाणी जमू लागते. मग वाडग्या-वाडग्याने ते जेरीकॅनमध्ये भरायचे, दर वाडग्यानंतर थांबून, पाणी पुन्हा पाझरण्याची वाट बघत. वीस लिटरचा कॅन भरायला तासभर सहज जातो. शेजारच्या खड्ड्यावर गाढवे पाणी पितात, काठावर मुले शौचाला बसलेली असतात. वाळूतून गाळलेले हे पाणी दिसायला टँकरच्या पाण्याहून निवळ असते आणि त्याला क्लोरिनचा वासही नसतो, म्हणून पुष्कळांना ते अधिक चांगले वाटते. आरोग्य कार्यकर्त्याने कितीही सांगितले तरी डोळ्यांना आणि जिभेला हे पाणी पटते.

यावर टिकणारा उपाय वादीच्याच वाळूत आहे. काठालगत, पुराच्या मुख्य धारेपासून बाजूला, सिमेंटच्या रिंगा उतरवून जॅकवेल खणायची. खालच्या रिंगा भोके ठेवलेल्या, भोवती खडीची गाळणी. विहिरीला झाकण, काठाला पुराच्या पातळीपेक्षा उंच ओटा. तिथून पंपाने पाणी उंचावरच्या टाकीत, ९५ हजार लिटरच्या पत्र्याच्या जुळणीच्या टाक्या यासाठी सर्रास वापरतात, आणि टाकीतून उताराने नळकोंडाळ्यांना. चूक दोन ठिकाणी होते. एक, काम एप्रिल-मेमध्ये सुरू होते आणि जूनच्या पहिल्या पुरात अर्धवट विहीर गाळाने भरते. दोन, पंप बसतो पण गावकऱ्यांच्या जुन्या विहिरी त्याच वाळूवर आहेत याचा विचार होत नाही. उपसा वाढला की त्यांच्या विहिरी खाली जातात आणि मग भांडणे सुरू होतात. गावाच्या विहिरींची पातळी आठवड्यातून एकदा दोरी सोडून मोजणे आणि नव्या टाकीचे निदान दोन नळ गावाच्या बाजूला काढणे, हे पहिल्या आराखड्यातच असायला हवे.

क्लोरिन टाकले म्हणजे झाले का

या भागाकडे एक जुना आणि कडू धडा आहे. २००४ मध्ये पश्चिम दारफुरमधल्या मोर्नाय इथे विस्थापितांच्या तळावर हेपॅटायटिस ईची मोठी साथ आली. ७८,८०० माणसांत जुलैअखेर ते डिसेंबर या काळात २,६२१ रुग्ण, ४५ मृत्यू. अभ्यासकांनी खोलात जाऊन बघितले तेव्हा दिसले की नदीचे, म्हणजे पृष्ठभागावरचे, क्लोरिन टाकलेले पाणी पिणाऱ्यांत धोका जास्त होता. क्लोरिन टाकूनही! अद्रेला आलेल्यांत याच मुलखातली कुटुंबे आहेत.

कारण गढूळपणात आहे. मातीच्या कणांना चिकटलेल्या विषाणूपर्यंत क्लोरिन पोचत नाही, शिवाय बराचसा क्लोरिन मातीतच खर्च होतो. गढूळपणा ५ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचे एकक) खाली आणल्याशिवाय क्लोरिनवर विश्वास ठेवू नये. त्यासाठी आपली नेहमीची तुरटी. पाण्याच्या गढूळपणाप्रमाणे लिटरमागे साधारण ३० ते १५० मिलिग्रॅम. नेमका डोस त्या दिवशीच्या पाण्यावर बादल्यांत प्रयोग करून काढायचा, कालचा चालत नाही. पाणी ढवळून निवळू द्यायचे आणि वरचे निवळ पाणी दुसऱ्या टाकीत घेऊन तिथे क्लोरिन द्यायचा. पहिल्याच टाकीत दोन्ही टाकणे ही घाईतली नेहमीची चूक.

क्लोरिनसाठी कॅल्शियम हायपोक्लोराइटची ७० टक्क्यांची भुकटी वापरतात. एक लिटर पाण्यात १५ ग्रॅम भुकटी म्हणजे एक टक्क्याचे द्रावण. २० लिटरच्या कॅनमध्ये या द्रावणाचे ४ मिलिलिटर घातले की लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरिन होतो. अर्धा तास थांबायचे, मग डीपीडी गोळी टाकून नमुन्याचा रंग तपासायचा. गुलाबी रंग पट्टीवर ०.२ ते ०.५ मिलिग्रॅमच्या दरम्यान जुळला पाहिजे. रंग आला नाही तर डोस वाढवून पुन्हा. द्रावण सावलीत, झाकून, गडद डब्यात ठेवायचे आणि रोज नवे करायचे. चाळीस अंशांच्या उन्हात उघडे राहिलेल्या द्रावणाचा जोर लवकर उतरतो.

आणि मोजमाप नळावर थांबवू नये. दक्षिण सुदानच्या माबान भागातल्या निर्वासित तळांवर झालेल्या अभ्यासात दिसले की नळावर मानकाप्रमाणे असलेला क्लोरिन घरी डब्यात काही तासांत संपतो. तिथून पुढे आलेली शिफारस नळावर १ मिलिग्रॅमपर्यंत ठेवण्याची आहे, म्हणजे दहा तासांनी घरात ०.२ तरी उरतो. पूर्व चाडचे ऊन लक्षात घेता आम्हालाही हेच योग्य वाटते. जेरीकॅनचे तोंड अरुंद, हात आत जात नाही, त्यामुळे आतून हिरवट थर चढतो आणि तोच क्लोरिन खातो. नळकोंडाळ्यावर आठवड्यातून एकदा कॅनमध्ये मूठभर वाळू-खडी, थोडे पाणी आणि जास्तीचा क्लोरिन घालून जोरात हलवून धुण्याचा दिवस ठेवावा. फुकटात होणारे हे काम सर्वाधिक टाळले जाते.

खड्डे भरतात कधी

संडासाचे मानक आणीबाणीत ५० माणसांमागे एक, पुढे २० माणसांमागे एक. अद्रेला आणि नव्या तळांवर एकेका संडासामागे शेकडो माणसे होती. हे का महत्त्वाचे, ते खड्ड्याच्या गणिताने कळते. १ मीटर लांब-रुंद आणि अडीच मीटर खोल खड्ड्यात वरचा अर्धा मीटर सोडायचा असतो, म्हणजे २ घनमीटर जागा. माणशी वर्षाला सुमारे ५० लिटर मळ साठतो. २० माणसांनी वापरला तर खड्डा दोन वर्षे पुरतो, ५० माणसांनी सुमारे साडेनऊ महिने. २०० माणसांनी वापरला तर अडीच महिन्यांच्या आत भरतो, आणि तोही घाण झाल्यामुळे त्याआधीच वापराबाहेर जातो. मग माणसे वादीच्या काठी जातात. संडास होते पण पुरेसे नव्हते, म्हणजे तीन महिन्यांनी संडास नव्हते.

खडकात दीड मीटरखाली पहार चालत नाही; तिथे ओटा उचलून वर जागा करावी लागते. वादीजवळच्या वाळूत भिंती ढासळतात. तिथे रिकाम्या पिंपांचे किंवा वाळूच्या पोत्यांचे अस्तर. पाण्याच्या जागेपासून किमान ३० मीटर दूर, खड्ड्याचा तळ भूजलाच्या दीड मीटर वर. घरापासून मात्र ५० मीटरच्या आत, दाराला आतून कडी आणि वाटेवर दिवा. अल-जिनेनाहून येताना ज्या बायका-मुलींवर अत्याचार झाले आहेत, त्या अंधारात दूरच्या संडासाला जाणार नाहीत, आणि जाऊ नयेतच.

साबण माणशी महिन्याला अंगाचा २५० ग्रॅम आणि कपड्यांचा २०० ग्रॅम. ४० हजार माणसांना महिन्याला १८ टन. पैसे कमी पडले की यादीतून सर्वांत आधी कापला जातो तो साबणच.

साथ वाचताना झालेला घोटाळा

हा आजार मराठी वाचकाला परका नाही. दिल्लीतल्या १९५५-५६ च्या प्रचंड साथीत यमुनेतले सांडपाणी पिण्याच्या पाण्यात शिरले होते. तिचे जपून ठेवलेले रक्तनमुने पुढे तपासले तेव्हा हा ‘ए’ प्रकाराहून निराळा विषाणू असल्याचे उमगले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे या विषाणूवर प्रदीर्घ काम आहे. इचलकरंजीने २०१२ मध्ये ही कावीळ हजारोंच्या संख्येने भोगली.

संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे, सरासरी पाच-सहा आठवडे जातात. म्हणजे आज दवाखान्यात आलेले पिवळे डोळे महिना-दीड महिन्यापूर्वीचे पाणी दाखवतात. याचे दोन परिणाम होतात. रुग्ण दिसू लागेपर्यंत विषाणू तळभर पोचलेला असतो. आणि पाणी सुधारल्यावरही पाच-सहा आठवडे नवे रुग्ण येतच राहतात. या काळात ‘क्लोरिनचा उपयोग होत नाही’ असा निष्कर्ष काढून काम ढिले पडते किंवा पैसे दुसरीकडे वळतात. म्हणून पाण्याचे काम रुग्णसंख्येवर जोखू नये. घरातल्या डब्यातला क्लोरिन आणि माणशी लिटर, हे दोनच आकडे रोज बघावेत.

सर्वांत जड किंमत गरोदर बायका देतात. मोर्नायच्या साथीत एकूण रुग्णांतले मृत्यू १.७ टक्के होते. गरोदर रुग्णांत मात्र ६१ पैकी १९ गेल्या, ३१ टक्के. शेवटच्या तीन महिन्यांत यकृत झपाट्याने निकामी होते आणि बाळंतपणात रक्तस्राव थांबत नाही. विशिष्ट औषध नाही. म्हणून गरोदर बाईला कावीळ दिसली की वाट न बघता रुग्णालयात, जिथे रक्त चढवायची सोय आहे तिथे. त्यासाठी तळावरच्या सुईणींकडे दिवस भरत आलेल्या बायकांची नावनिशीवार यादी हवी आणि आठवड्यातून एकदा प्रत्येकीचे डोळे उजेडात बघितले गेले पाहिजेत. कावीळ झाली की कडक उपास घालायची रीत अनेक ठिकाणी असते. गरोदरपणात ती जिवावर बेतते.

लस आहे. चीनमध्ये तयार झालेल्या या लशीचे तीन डोस लागतात, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. साथ चालू असताना ती जगात पहिल्यांदा २०२२ मध्ये दक्षिण सुदानच्या बेंतिऊ तळावर दिली गेली, गरोदर बायकांनाही. सहा महिने एका जागी न टिकणाऱ्या तळावर तिसरा डोस पोचवणे कठीण, पण बाळंतपणाच्या वयाच्या बायकांना आधी घेतले तर दोन डोसही करण्यासारखे काम आहे.

पाऊस, रस्ता आणि उशिराचा पैसा

माल कॅमेरूनच्या दुआला बंदरात उतरतो. तिथून राजधानी एन्जामेना सुमारे १,८०० किलोमीटर, मग अबेशे, मग अद्रे. जून ते सप्टेंबर वाद्या वाहतात. पाऊस पडला की रस्त्यावर आडवा बांबू टाकून जड गाड्या तासन् तास थांबवतात, नाहीतर रस्ता उखडतो. वादीला पूर आला तर ट्रक दिवसचे दिवस काठावर.

एका माणसाचे पूर्ण रेशन म्हणजे रोज धान्य ४०० ग्रॅम, डाळ ६०, पोषणमिश्रित पीठ ५०, तेल २५, साखर १५, मीठ ५. एकूण ५५५ ग्रॅम, सुमारे २,१०० कॅलरी. ५० हजार माणसांना महिन्याला सुमारे ८३३ टन. पावसाळ्याचे चार महिने धरले तर ३,३३० टन, ३० टनी १११ ट्रक. हे सगळे मेअखेर गोदामात हवे, म्हणजे मागणी आणि पैसे जानेवारीत हवेत. प्रत्यक्षात देणग्यांचा मोठा भाग वर्षाच्या उत्तरार्धात येतो. सुदानच्या शेजारी देशांतल्या निर्वासितांसाठीच्या संयुक्त आवाहनाला २०२३ मध्येही आणि २०२४ मध्येही मागितलेल्या रकमेच्या निम्मेसुद्धा मिळाले नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवल्यावर उरलेला हिशेबही कोसळला. शिवाय ज्वारी अख्खी मिळाली तर दळणाचे पैसे नसतात. गिरणीवाल्याला धान्यच द्यावे लागते आणि आधीच कापलेले रेशन आणखी घटते.

सुदानच्या आत जाणाऱ्या मदतीचेही असेच झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदानी लष्करी सरकारने अद्रेचा मार्ग मदतीसाठी बंद केला. तो १५ ऑगस्टला उघडला, ऐन पुरात. त्याच महिन्यात पलीकडचा मोर्नायचा पूल वाहून गेला आणि अल-जिनेनापासून पुढचा रस्ता तुटला. उरलेले कोरडे दिवस धरून सहा महिने अशा तऱ्हेने गेले. पलीकडे भूक वाढली की अलीकडे अद्रेला माणसे वाढतात, हे सीमेवरच्या प्रत्येकाला ठाऊक होते.

दुगी, जुलै २०२५

जुलै २०२५ मध्ये वदाईतल्याच दुगी इथल्या निर्वासित तळावर कॉलऱ्याची साथ जाहीर झाली. काविळीत पाच-सहा आठवड्यांनी दिसणारे परिणाम कॉलऱ्यात काही तास ते पाच दिवसांत दिसतात, आणि उपचाराविना माणूस एका दिवसात जाऊ शकतो. उपाय मात्र तेच: माणशी १५ लिटर, घरातल्या डब्यात ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन, २० माणसांमागे एक संडास, हातात साबण. भर म्हणून दर पाड्यावर क्षारसंजीवनीचे ठिकाण आणि तिथपर्यंत रात्रीही जाता येईल अशी वाट. रोज संध्याकाळी प्रत्येक भागातली दहा घरे निवडून डब्यातला क्लोरिन तपासायचा, नोंद वहीत करायची, आणि दोनहून अधिक घरांत रंग आला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नळकोंडाळ्याचा डोस बदलायचा. एका माणसाचे दोन तासांचे हे काम आहे, आणि एका घरामागे एक डीपीडी गोळी लागते.